काढलेले विष जाते कुठे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गंगापूर रोडवर बंगल्यांच्या रांगा संपतात आणि मागे पत्र्याची घरे सुरू होतात, तिथल्या विहारात रविवारची वंदना झाली होती. वंदनेनंतर आमचे अभ्यासमंडळ बसते. त्या दिवशी विषय ठरलेला होता, गोदावरीचे प्रदूषण. चर्चा सुरू व्हायच्या आतच आमचा एक जुना कार्यकर्ता म्हणाला, "ती नदी त्यांची. कुंभ त्यांचा. ज्यांनी आपल्याला काळारामाच्या दारात दगड मारले, त्यांचं तीर्थ घाण झालं तर आपण कशाला रडायचं?"

काही जण हसले. तेव्हा मागे बसलेल्या एका मुलाने हात वर केला. प्रश्न विचारायला नव्हे, दाखवायला. वय बावीस. एका प्लेटिंगच्या दुकानात ठेकेदाराकडून कामाला. बोटांच्या सांध्यांवर गोल, खोल, कडा उचललेल्या जखमा. दुखत नाहीत म्हणाला, पण भरतही नाहीत. "दादा, हे नदीचं नाही. हे टाकीचं आहे. पण टाकीतलं पाणी शेवटी जातं तिकडेच."

त्या दिवशी आमचे अभ्यासमंडळ बदलले. हा लेख त्या बदलाचा हिशेब आहे आणि आमच्याच चळवळीशी केलेला वाद आहे.

शुद्धी दोन प्रकारची

पाणी शुद्ध करणे म्हणजे काय, हा आपल्यासाठी नवा प्रश्न नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सवर्णांनी ते तळे "शुद्ध" केले. कसे? शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून. सेंद्रिय घाण पाण्यात टाकायची आणि पाणी शुद्ध झाले म्हणायचे! आजच्या कोणत्याही प्रयोगशाळेत तो नमुना दिला असता, तर तळे त्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा जास्त प्रदूषित निघाले असते.

त्याही आधी, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेत, थेरीगाथेत पुण्णिकेची कथा आहे. ती जन्माने दासी, काम पाणी भरण्याचे. थंडीत नदीत उतरून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले, हे तुला कोणी सांगितले? पाण्याने पाप जात असेल तर बेडूक आणि कासव आधी स्वर्गात जातील. आणि नदी पाप वाहून नेत असेल, तर तुझे पुण्यही वाहून नेईल. पाण्याविषयीची ही बुद्धिवादी भूमिका एका पाणी भरणाऱ्या बाईने मांडली. ज्याच्या डोक्यावर घागर असते, त्याला पाणी काय आहे ते बरोबर कळते.

म्हणजे शुद्धीचे दोन अर्थ आहेत. एक ब्राह्मणी शुद्धी, जी कोण शिवला ते विचारते. दुसरी विज्ञानाची शुद्धी, जी पाण्यात काय आहे, किती आहे आणि कुठून आले ते विचारते. आपण दुसऱ्या बाजूचे वारस आहोत. मग "नदी त्यांची" असे म्हणून आपण हा प्रश्न पहिल्या बाजूच्या हातात का सोडून देतो?

टाकीत काय असते

नाशिकमध्ये सातपूर आणि अंबड या दोन औद्योगिक वसाहती आहेत. गाड्यांचे भाग, स्विचगिअर, नट-बोल्ट. लोखंड गंजू नये म्हणून त्यावर झिंक, निकेल, क्रोम चढवावे लागते. मोठी कंपनी हे काम बहुधा स्वतः करत नाही. लहान दुकानाला जॉबवर्क म्हणून देते. तिथे वस्तू जिगवर टांगून एकामागून एक टाक्यांत बुडवतात. प्रत्येक टाकीनंतर धुण्याची टाकी. त्या धुण्याच्या पाण्यातून धातू बाहेर पडतो.

यातले सर्वांत वाईट म्हणजे सहा संयुजेचे क्रोमियम. पिवळ्या-नारिंगी रंगाचे, पाण्यात पूर्ण विरघळणारे. माणसात कर्करोग निर्माण करते हे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या पहिल्या गटात ते आहे. त्याची वाफ नाकात गेली तर नाकाच्या पडद्याला भोक पडते. कातडीवर राहिले तर आमच्या मुलाच्या बोटांवर दिसल्या तशा जखमा होतात. या जखमांना नाव आहे, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने त्यांना सूचनीय रोगांच्या यादीत घातले. म्हणजे डॉक्टरने असा रुग्ण पाहिला की सरकारला कळवायचे. आमच्या मुलाला ज्या दवाखान्यात नेले, तिथे मलम मिळाले. कोणी कोणाला काही कळवले नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हे विष पाण्यातून काढता येते. त्यात कसलेही गूढ नाही. आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी, तरी रसायनशास्त्राच्या एका शिक्षकमित्राकडून दोन बैठकांत शिकलो. तुम्हीही शिका.

क्रोमचे पाणी आधी आम्ल घालून सामू २ ते ३ वर आणायचे. मग सोडियम मेटाबायसल्फाइट, ज्याला दुकानात नुसते "मेटा" म्हणतात, ते घालायचे. पिवळे पाणी हिरवे होते. सहा संयुजेचे क्रोमियम तीन संयुजेचे झाले, म्हणजे विषारीपणा पुष्कळ घटला. मग चुना किंवा कॉस्टिक घालून सामू ८ ते ९ करायचा. क्रोमियम हायड्रॉक्साइडचा साका तळाला बसतो. वरचे पाणी वेगळे, खालचा गाळ वेगळा. मेटाऐवजी हिराकसही चालतो.

काही टाक्यांत सायनाइड असते. त्याची रीत उलटी. सामू १० च्या वर ठेवून हायपोक्लोराइट घालायचे, म्हणजे सायनाइड मोडते. इथे एक गोष्ट जीव वाचवणारी आहे, म्हणून ठळक सांगतो: क्रोमचे आम्लधर्मी पाणी आणि सायनाइडचे पाणी एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. माणूस मिनिटांत मरतो. म्हणून दोन्ही पाण्यांच्या नळ्या वेगळ्या हव्यात. खर्च वाचवायला एकच गटार ठेवणारा मालक पाण्याशी नव्हे, कामगाराच्या श्वासाशी खेळत असतो.

तिसरी रीत विजेची. पाण्यात लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ठेवून एकदिश प्रवाह सोडायचा. पट्टी विरघळते, तिचे हायड्रॉक्साइड होते, त्याच्या पुंजक्यांना घाण चिकटते आणि खाली बसते किंवा बुडबुड्यांबरोबर वर तरंगते. एक अँपिअर-तासाला साधारण १ ग्रॅम लोखंड विरघळते. ते लोखंड सहा संयुजेच्या क्रोमलाही तीन संयुजेवर आणते. हे तंत्र फार नवे समजू नका. १८८९ साली लंडनच्या क्रॉसनेस येथे विल्यम वेबस्टर याने लोखंडी पट्ट्यांतून वीज सोडून शहराचे सांडपाणी साफ करून दाखवले होते. बाबासाहेबांच्या जन्माच्या दोन वर्षे आधी.

म्हणजे तंत्र माहीत नाही, असे म्हणायला कोणालाच जागा नाही. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात सहा संयुजेचे क्रोमियम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आणि सायनाइड ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, हे नियमात लिहिलेले आहे. जल प्रदूषण कायदा १९७४ चा आहे. रसायन माहीत, कायदा हजर, यंत्र बाजारात उपलब्ध. मग अडते कुठे?

काढले म्हणजे कुठे टाकले?

आमच्या मते अडते ते इथे. सगळ्या जाहिराती, सगळे प्रकल्प अहवाल एकच क्रियापद वापरतात, प्रदूषके "काढून टाकणे". पण धातू हे मूलद्रव्य आहे. त्याचा नाश होत नाही. रसायन घाला की वीज सोडा, क्रोमियम क्रोमियमच राहते. ते फक्त पाण्यातून गाळात जाते.

हिशेब करून पाहा. १ किलो सहा संयुजेचे क्रोमियम मेटा आणि कॉस्टिकने काढले, तर सुमारे २ किलो कोरडा गाळ होतो. तेच लोखंडी पट्ट्यांनी किंवा हिराकसने काढले, तर लोखंडाचा गाळही मिळून सुमारे ८ किलो. चुना वापरला तर त्यात आणखी भर. फिल्टर प्रेसमधून निघाल्यावरही त्यात निम्म्याहून जास्त पाणी असते, म्हणून प्रत्यक्ष उचलायचे वजन याच्या दुपटीहून जास्त. विक्रेता सांगतो, "रसायन न घालता, फक्त विजेवर." अरे, पट्टी विरघळते तेच रसायन! पट्टीवर थर चढला की ती खरवडावी लागते. कोण खरवडतो?

हा गाळ कायद्याने घातक कचरा आहे. तो रांजणगावसारख्या ठिकाणच्या अधिकृत केंद्रात गेला पाहिजे. त्याला वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा खर्च येतो. पाणी तपासायला अधिकारी कधीतरी येतो, गाळ मोजायला कोण येतो? आमचा मुलगा सांगतो की त्याच्या दुकानात टाकीचा तळ साफ करायचे काम "आपल्याच पोरांना" मिळते. गमबूट एकच जोडी, पाळीपाळीने. गोण्या भरायच्या, रात्री टेम्पोत चढवायच्या. टेम्पो कुठे जातो ते त्याला माहीत नाही.

गावगाड्यात मेलेले ढोर ओढून नेणे हे कोणाचे काम होते, हे आपल्याला पाठ आहे. गाव "स्वच्छ" राहायचे, कारण घाण एका विशिष्ट हाताने एका विशिष्ट दिशेला जायची. घाण नाहीशी होत नसे, ती महारवाड्याच्या बाजूला जाई. बाबासाहेबांनी ते काम सोडायला सांगितले ते याचसाठी. आज ढोर नाही, गाळाची गोणी आहे. वतन नाही, ठेकेदार आहे. पण घाण उतरणीला लागते आणि ती उतरण जातीची असते, हे बदललेले नाही. श्रेणीबद्ध विषमतेत जसा चढत्या क्रमाने मान, तसा उतरत्या क्रमाने मैला.

गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या वाचताना आपण नेहमी आडनावे वाचतो. २०१३ साली हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा नवा कायदा आला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. मरणाची किंमत वाढली. मरण थांबले नाही. औद्योगिक टाकीचा तळ हा त्याच साखळीतला पुढचा दुवा आहे आणि त्याबद्दल आपण अजून बोलतसुद्धा नाही.

तीन आक्षेप

पहिला, "नदी त्यांची." नाशिकचा भूगोल बघा. वर गंगापूर धरण. तिथले पाणी शहर पिते. गंगापूर रोड, सोमेश्वर, आनंदवल्ली हा नदीचा वरचा, देखणा भाग, म्हणून इथे जागेचे भाव चढे. सातपूर-अंबडच्या बाजूने नंदिनी, म्हणजे आपली नासर्डी, झोपडपट्ट्यांच्या उंबऱ्यावरून वाहत येते आणि टाकळीजवळ गोदावरीला मिळते. तिथून पुढे दसक, पंचक, ओढा, निफाड, नांदूर मध्यमेश्वरचे पाणथळ. नदीच्या वरच्या टोकाला तीर्थ आणि खालच्या टोकाला गटार. नासर्डीच्या काठी कोण राहते? खालच्या गावांत विहिरीचे पाणी कोण पिते, मळ्यात मजुरीला कोण जाते? ज्याच्या घरी नळाला धरणाचे पाणी आणि वर आरओचे यंत्र आहे, तो नदीला "माता" म्हणून मोकळा होतो. नदी त्यांची असेल, पण तिच्यातले विष आपल्या वाट्याला आलेले आहे.

दुसरा आक्षेप आपल्यातल्या शिकलेल्यांचा: "नवीन यंत्रे येतील, तंत्रज्ञान सोडवेल." यंत्र हवेच, आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना पाणी आणि वीज या खात्यांचे नियोजन त्यांनी विज्ञानाच्या आधारे केले, प्रार्थनेच्या नाही. पण यंत्र कोणाच्या हातात आणि त्याची उरलेली घाण कोणाच्या डोक्यावर, हा प्रश्न यंत्र सोडवत नाही. शिवाय साधी गोष्ट बघा. जिग टाकीतून काढल्यावर थोडा वेळ वर धरून निथळू दिली, आणि धुण्याचे पाणी शेवटच्या टाकीतून पहिल्या टाकीकडे उलट्या क्रमाने फिरवले, तर धातूही कमी बाहेर पडतो आणि पाणीही कमी लागते. याला ना वीज लागते, ना मेटा. मग असे का होत नाही? कारण मुलांना नगावर पैसे मिळतात. निथळत उभा राहिला तर संध्याकाळी मजुरी कमी. म्हणजे नदीत जाणाऱ्या क्रोमचा एक उगम मजुरीच्या दरात आहे! हे कुठल्याच पर्यावरण अहवालात सापडणार नाही, कारण अहवाल लिहिणारा जिग धरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: "दुकाने बंद पडली तर आपल्याच पोरांचे काम जाईल. आणि लहान मालकांत आता आपलेही आहेत." खरे आहे. आमच्या ओळखीचा एक मालक आपल्याच समाजाचा आहे. कर्ज काढून दुकान टाकले. त्याने आम्हाला विचारले, "मोठी कंपनी मला नगामागे जे देते, त्यात गाळाचा खर्च धरलेलाच नसतो. मी कुठून घालू?" त्याला आम्ही खलनायक म्हणणार नाही. पण सोडणारही नाही. त्याच्या टाकीत उतरणाऱ्या मुलाचे फुप्फुस जयभीमवाल्या मालकाला सवलत देत नाही. त्याने आमच्याबरोबर उभे राहून मोठ्या कंपनीकडे तो खर्च मागावा. आम्हाला दुकाने बंद करायची नाहीत. सामाईक प्रक्रिया केंद्र हवे. तिथेही क्रोम, सायनाइड आणि आम्ल-अल्कली यांच्या वाटा वेगळ्या. आणि त्याचा खर्च ज्याच्या वस्तूवर चमक चढते, त्याने द्यावा.

कुंभाच्या आधी

२०२६-२७ चा सिंहस्थ आला की "निर्मल गोदावरी"चे फलक लागतात. २०१२ साली दाखल झालेल्या जनहित याचिकेपासून गोदावरीचे प्रदूषण मुंबई उच्च न्यायालयासमोर आहे, नीरीसारख्या संस्थेला त्यात काम दिले गेले. त्या लढ्याचे श्रेय आम्ही नाकारत नाही. पण सारी नजर रामकुंडावर खिळलेली असते. तपोवन, आगर टाकळी इथली केंद्रे घरगुती सांडपाण्यासाठी आहेत. तिथे जिवाणू मैला खातात. जिवाणू क्रोम खात नाहीत, उलट धातू जास्त झाला तर तेच मरतात. सहा संयुजेच्या क्रोमची मर्यादा नदीत सोडताना ०.१ मिलिग्रॅम, पण सार्वजनिक गटारात सोडताना २ मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट. गटारात सोडलेले पुढे कोणीतरी बघेल, असे गृहीत धरले आहे. तो "कोणीतरी" नाही. धातू थोडा पाण्याबरोबर नदीत जातो, थोडा केंद्राच्या गाळात, आणि तो गाळ खत म्हणून शेतात.

स्नानापुरते धरणातून पाणी सोडून घाट चकचकीत करणे ही १०८ घागरींचीच आधुनिक आवृत्ती आहे. फरक इतकाच की घागरी आता धरणाच्या दारातून ओतल्या जातात.

आपण काय करायचे

आमच्या अभ्यासमंडळाने ठरवले आहे ते सांगतो. पटले तर तुमच्या वस्तीत करा.

एक. प्लेटिंगमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक मुलाची हात आणि नाकाची तपासणी करायची, आणि डॉक्टरकडून निदान लेखी घ्यायचे. मलम नको, कागद हवा.

दोन. माहिती अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाण्याचे अहवाल मागतोच, त्याबरोबर गाळाचा हिशेब मागायचा. दुकानाने किती गाळ निर्माण केला, किती केंद्रात पाठवला, पावत्या कुठे आहेत. वापरलेले रसायन आणि निघालेला गाळ यांचा मेळ बसतो का, ते आता आपल्याला पेन्सिलीने काढता येते.

तीन. टाकीत उतरणाऱ्या कामगाराला ठेकेदाराचा नव्हे, आस्थापनेचा कामगार म्हणून नोंदवा, ही मागणी कामगार संघटनांच्या अजेंड्यावर आणायची. निथळण्याचा वेळ मजुरीत धरा, हीसुद्धा.

चार. आपल्या मुलामुलींना रसायनशास्त्र शिकवायचे. आम्ही समाजशास्त्रात एमए केले, चांगले केले. पण प्रयोगशाळेत, मंडळाच्या कार्यालयात, प्रक्रिया केंद्राच्या नियंत्रण कक्षात आपली माणसे किती? टाकीच्या तळाशी आपण आहोत. मीटरसमोर नाही. "शिका" याचा अर्थ एवढाही आहे.

त्या जुन्या कार्यकर्त्याचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्या दिवशी तो गप्प बसला. पुढच्या रविवारी सामू मोजायच्या कागदाची पट्टी आणि नासर्डीच्या पाण्याची बाटली घेऊन आला. म्हणाला, "कागदाने क्रोम कळत नाही म्हणे. मग कशाने कळतं ते सांगा." आम्ही त्याला बसवून घेतले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

महाडला आपण पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळवला. आता त्या पाण्यात काय आहे ते विचारण्याचा, आणि ते कोणाच्या हाताने काढले जाते ते ठरवण्याचा हक्क मिळवायचा आहे.

जय भीम.